लाइन ठीक हाय

माझा आवाज वडिलांच्या कानावर पडण्याची शेवटची वेळ नागपूर स्टेशनच्या फलाटावर आली होती, आणि ती मी रुसण्यात घालवली.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. आम्ही कामठीला छावणीच्या मागे दोन खोल्यांत राहत होतो. बाबा फौजेत लाइनमन होते. टेलिफोनची केबल टाकायची आणि तुटली की जाऊन जोडायची, हे त्यांचं काम. ते दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले होते. सुट्टी अर्धीही झाली नव्हती आणि परत बोलावलं. एकाहत्तरच्या लढाईचे ते दिवस होते, पण लढाई म्हणजे काय हे मला कुठं ठाऊक! मला एवढंच ठाऊक होतं, की माझ्या शाळेचं गॅदरिंग चार दिवसांवर आलंय, फळांच्या नाटुकल्यात मी संत्रं होणार आहे, आईनं नारिंगी कापडाचा गोल झगा शिवलाय, आणि तो बघायला बाबा नसणार.

फलाटावर मी त्यांच्याशी बोललेच नाही. गाडीच्या खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला, माझ्या डोक्यावर ठेवला. मी डोकं बाजूला घेतलं. आई म्हणाली, "बोल न वं, बाबा चालले तुहे." मी समोरच्या वजनकाट्याकडे बघत उभी राहिले. गाडी हलली तेव्हाही मी मान वळवली नाही. शेवटच्या डब्याची शेवटची खिडकी गेल्यावर मात्र रडायला लागले, तेव्हा आईनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग स्वतःच रडली.

गॅदरिंग झालंच नाही. शाळा काही दिवस बंद राहिली. शेजारच्या यंत्रमागवाल्यांकडे रेडिओ होता. संध्याकाळी ते माग बंद करायचे आणि सगळी गल्ली त्यांच्या ओट्यावर बातम्या ऐकायला बसायची. लढाई संपल्याचं आम्ही तिथंच ऐकलं. कोणीतरी गूळ वाटला. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी बाबांचं पत्र आलं, पण अक्षर दुसऱ्याच कुणाचं होतं. प्रकृती ठीक आहे, दवाखान्यात आहे, काळजी करू नये, एवढंच.

ते आले तेव्हा उन्हाळा लागला होता. आई आणि मी गल्लीच्या तोंडाशी उभ्या होतो. टांगा थांबला, बाबा पाठमोरे उतरले आणि ट्रंक खाली घ्यायला लागले. मी धावत सुटले. जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "बाबा!" घोड्यानं कान हलवले. टांगेवाल्यानं वळून पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही. मी आणखी एकदा ओरडले. त्यांच्या पाठीशी पोचले, सदरा ओढला, तेव्हा ते दचकून वळले आणि त्यांनी मला उचलून घेतलं. मग ते बोलायला लागले, आणि मला त्यांची भीतीच वाटली. फार मोठा आवाज, एकाच सुरातला, जसा कुणी नदीच्या पलीकडच्या माणसाशी बोलतो तसा. जाताना हा आवाज नव्हता. जाण्याआधी बाबा भजनाला बसायचे, त्यांचा गळा मऊ होता असं आई सांगायची. मला तो आठवत नाही. खूप प्रयत्न करते, पण या मोठ्या आवाजाखाली तो पार दबून गेला.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं, आपला उजवा हात उघडा करून माझ्यापुढं धरला, माझं बोट धरून तळहातावर टेकवलं आणि म्हणाले, "लिही."

मी काय लिहू? मी 'बाबा' लिहिलं. ते डोळे मिटून होते. डोळे उघडून म्हणाले, "बरोब्बर!"

आमच्या घरातलं बोलणं त्या दिवसापासून असंच झालं. मी त्यांच्या हातावर अख्खी वाक्यं लिहायचे. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर ते हात झटकायचे, म्हणजे पुन्हा लिही. आई दुसरीपर्यंतच शिकलेली. तिला लिहायचा सराव राहिला नव्हता. ती चार-पाच शब्दांवर भागवायची: जेवा. या. पुरे. निजा. कधी रागावली, की तळहातावर नुसतीच एक लांब रेघ ओढायची. त्याचा अर्थ काय हे त्या दोघांनाच कळत असे. बाबा मात्र हसायचे.

फौजेतून लवकर सुटका झाली. आम्ही कामठी सोडून नागपूरला आलो आणि बाबा लकडगंजातल्या एका लाकडाच्या वखारीत कामाला लागले. तिथं दिवसभर आरा मशीन चालायची. बाकीचे मजूर कानात बोळे घालून काम करायचे आणि तरी संध्याकाळी डोकं धरून बसायचे. मालक म्हणायचा, या एका माणसाला तेवढा मशीनचा त्रास नाही. बाबांना हे कुणीतरी लिहून दाखवलं, तर तेही हसले. घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर सागाचा भुसा असायचा. आई तो पदराने पुसायची, तिची नक्कल करत मी फ्रॉकच्या टोकाने पुसायचे.

दर शनिवारी एक माणूस त्यांना भेटायला यायचा. तो कन्हानचा होता, बाबांच्या सोबत लढाईत होता. आम्ही त्यांना कन्हानचे काका म्हणायचो. त्यांचा खालचा जबडा डावीकडे सरकलेला होता आणि हनुवटीपासून कानापर्यंत खोल वण होता. बोलायचे ते फार सावकाश, शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत, आणि मला त्यातलं काही कळायचं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांच्या चेहऱ्याची भीती वाटायची. ते आले की मी आतल्या खोलीत जायचे. दाराच्या फटीतून दिसायचं ते एवढंच, की दोघं खाटेवर शेजारी शेजारी बसलेत, काका बाबांच्या हातावर बोटाने काहीतरी लिहिताहेत, आणि बाबा आपल्या त्या दणदणीत आवाजात उत्तर देताहेत, "नाही गा, तो पूल नाही! त्याच्या मागचा!" तासभर असं चाले. मग काका चहात पाव बुडवून खायचे आणि निघून जायचे.

मी मॅट्रिक झाले, पुढं टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. माजी सैनिकाची मुलगी म्हणून माझा नंबर लागला. मुलाखतीत साहेबांनी मला एक उतारा मोठ्यानं वाचायला लावला आणि म्हणाले, आवाज फार स्वच्छ आहे. पुढं तीस वर्षं त्याच आवाजावर मी पोट भरलं. ट्रंक कॉलसाठी ताटकळलेले लोक माझ्या आवाजावर चिडायचे, विनवण्या करायचे, दिवाळीला आभार मानायचे. भोपाळच्या, रायपूरच्या ऑपरेटर बायका मला न पाहता ओळखायच्या. ड्यूटीवरून घरी येताना बसमध्ये कधी कधी मनात यायचं, आज अख्ख्या शहराने मला ऐकलं. आणि घरी आले की बूट काढून बाबांच्या समोर बसायचं, त्यांचा हात ओढायचा आणि बोटानं लिहायचं, 'आले.'

एकदा मी त्यांना विचारलं होतं. म्हणजे लिहिलं होतं, 'माझा आवाज आठवतो?'

"काहून नाही?" बाबा म्हणाले. "स्टेशनवर तू म्हनली नव्हती का, बाबा लवकर या? तोच आवाज हाय माह्या कानात. तसाच्या तसा."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी असं काही म्हणाले नव्हते. पण आता ते सांगून काय करायचं? माणसाकडे आपल्या मुलीचा एवढा एकच आवाज उरलाय, आणि तोही त्याने मनानेच रचलेला असेल, तर तो का काढून घ्यायचा? मी काहीच लिहिलं नाही. त्यानंतर ते हे वाक्य खूप वेळा सांगत. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलं. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन सांगितलं, "तुही माय बारीक आवाजात म्हने, बाबा लवकर या." दर वेळी मला आत कुठंतरी टोचायचं. मला वाटायचं, ते चुकताहेत आणि मी त्यांना चुकू देतेय.

आई गेली, मी निवृत्त झाले. बाबा माझ्याकडे राहायला आले. शेवटच्या वर्षात त्यांच्या हाताची कातडी इतकी पातळ झाली होती, की लिहिताना मी बोट नुसतं टेकवायचे. ते दोन वर्षांपूर्वी गेले, दुपारी जेवण झाल्यावर, बसल्या बसल्या. नंतरचे कित्येक दिवस मला बोलायचं असलं, की हात आपोआप पुढं जायचा. फोनवर बोलतानासुद्धा मी बोटानं मांडीवर लिहीत असे. मुलगी म्हणायची, आई, काय करून राहिली?

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. एकाहत्तरच्या लढाईतल्या सैनिकांचा शाळेत सत्कार करायचा होता. त्यांना कुणीतरी बाबांबद्दल सांगितलं होतं, पण ते गेल्याचं सांगितलं नव्हतं. भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघून त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. "माफ करा हो, मला माहीत नव्हतं." चहा घेतला, आणि निघताना दारात म्हणाल्या, "त्यांच्या सोबतचे कोणी असतील का? फार थोडे सापडलेत आम्हाला."

मी म्हटलं, एक होते कन्हानला. आहेत की नाही, मला माहीत नाही.

खरंच माहीत नव्हतं. वय झाल्यावर त्यांचं येणं थांबलं, बाबांचंही जाणं थांबलं. बाबा गेले तेव्हा त्यांना कळवायला माझ्याकडे नंबर नव्हता, आणि मी शोधलाही नाही. लहानपणी दाराआड लपले, तशीच मोठेपणीही लपूनच राहिले म्हणायचं. त्या रविवारी मी बसने कामठीपर्यंत गेले, तिथून शेअर ऑटो धरला, पूल ओलांडला आणि कन्हानच्या बाजारात एका म्हाताऱ्या न्हाव्याला विचारलं, वाकड्या जबड्याचे फौजी कुठं राहतात? त्याने दुकानातून उठून गल्ली दाखवली.

काका अंगणात उन्हात खुर्चीवर बसले होते. गळ्याभोवती मफलर. त्यांच्या सुनेने माझं नाव-गाव विचारलं आणि त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग विचारलं, "तो कसा हाय?"

मी सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मफलरचं टोक हातात घेऊन चुरगाळत राहिले. सून म्हणाली, "तुमी बसा ताई," आणि आत गेली. मला त्यांचं बोलणं या वेळी समजत होतं. सावकाश होतं, अडखळत होतं, पण कान देऊन ऐकलं तर प्रत्येक शब्द कळत होता. लहानपणी मी ऐकलंच नव्हतं, एवढंच.

मी विचारलं, "काका, त्या दिवशी काय झालं होतं? बाबांनी कधी नीट सांगितलं नाही. लाइन तुटली, जोडली, पुन्हा तुटली, एवढंच म्हणायचे."

काका म्हणाले, "तेवढंच झालं होतं." मग सांगायला लागले.

पंजाबच्या बाजूला, उसाच्या शेतांपलीकडे एक मातीचा बांध होता. त्या बांधात खड्डा खणून तिघं बसले होते. त्यांचा हवालदार दुर्बिणीतून पुढं बघायचा. काका टेलिफोन सांभाळायचे. बाबा केबल सांभाळायचे. शत्रू कुठून येतोय ते बघायचं आणि मागच्या तोफांना फोनवरून सांगायचं, की गोळा इतका पुढं टाका, इतका डावीकडे टाका. त्यांचे साहेब आदल्या दिवशी जखमी होऊन मागं गेले होते. हवालदार मराठवाड्यातला, वयाने थोडा मोठा, शांत माणूस. पहाटे धुकं होतं. धुकं उचललं तसा हल्ला सुरू झाला.

"पयला गोळा मागं पडला, दुसरा पुढं. तिसऱ्यात हवालदार गेला. दुर्बीण हातातच होती त्याच्या," काका म्हणाले. "त्याच गोळ्याचा तुकडा मले इथं लागला." त्यांनी जबड्याला हात लावला. "तोंडच राहिलं नाही बोलाले. फोन उचलला तं फोन मुका. लाइन कटली. तुह्या बापानं पक्कड घेतली, केबल हातात धरली आन् गेला सरपटत."

"एकटे?"

"मंग कोन जाईन? मी रगत थांबवू का त्याच्यासंगं जाऊ? दूर नाही गेला. उसाच्या कडेपर्यंत. मले दिसत होता. जोडत होता, तितक्यात त्याच्या बाजूलेच एक फुटला. माती उडाली. मी म्हनलं, गेला. माती खाली बसली तं हा आपला जोडूनच राहिला! जोडली, टेप मारली, आला वापस. आन् आल्या आल्या फोन हातात घेतला."

इथं काका हसले. त्या जबड्याने हसणं म्हणजे एका बाजूने ओठ उचलणं.

"हॅलो हॅलो करून राहिला. हॅलो, हॅलो! मंग फोन आपटला, म्हने लाइन अजून मेलेलीच हाय. पक्कड उचलली आन् निघाला बाहेर. मी त्याचा पाय धरला. काहून, तं मले फोनातला आवाज आयकू येत होता. तिकडून तोफवाला बोंबलत होता, बोला, बोला! लाइन ठीक होती वं पोरी. याचेच कान गेले होते. त्याले मालूमच नाही. आन् सांगू कसा? मले तोंड नाही, त्याले कान नाही."

काकांनी आपला डावा हात उघडला आणि उजव्या हाताचं बोट त्यावर टेकवलं.

"मंग म्या त्याचा हात पकडला आन् लिवलं, लाइन ठीक हाय. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मंग लिवलं, तू बहिरा."

"मग?"

"मंग काय? रडाले टाइम कुठं होता? मी हवालदाराची दुर्बीण घेतली. फोन माह्या कानाले. तिकडून इचारलं की मी आयकू, पाहू, आन् याच्या हातावर आकडा लिवू. मंग फोन त्याच्या तोंडापाशी धरू आन् हा वरडून सांगे. दोनशे पुढं! पन्नास डावीकडं! आपला आवाज किती मोठा येते ते त्याले कळतच नव्हतं. तिकडचा म्हने, अरे बाबा हळू बोल, फोन फुटते. आता हे मी त्याले काय लिवू!" काका पुन्हा एका बाजूने हसले. "दुपारपर्यंत केलं असं. मंग आपले लोक आले. दुश्मन वापस गेला."

माझ्या डोळ्यांसमोर खाटेवरचे ते दोघे आले. आमच्या घरातली ती बोली माझ्यासाठी बाबांनी काढली असेल, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. ती आमच्या घरी येण्याआधी त्या बांधावर बोलली गेली होती. तिथला पहिला निरोप काय होता, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. माझ्या हातून मात्र पहिला शब्द 'बाबा' लिहून घेतला.

सुनेने चहा आणला. काकांना बशीत ओतून दिला. चहा पिऊन झाल्यावर, कसं कोण जाणे, मी त्यांना फलाटावरची गोष्ट सांगितली. सांगितलं, की मी बोलले नव्हते काका, आणि बाबा मरेपर्यंत सांगत राहिले की मी 'लवकर या' म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

काका म्हणाले, "त्याले कायले वाटन?"

"म्हणजे?"

"खड्ड्यात रोज सांगे तो मले. पोरगी रुसली म्हने, बोलली नाही. वजनकाट्याकडं तोंड करून उभी राह्यली. संत्र्याचा झगा पाह्यचा राहून गेला. हवालदाराले सांगे, मले सांगे. दवाखान्यात पन सांगे. त्याले पक्कं मालूम होतं तू बोलली नाही."

अंगणात ऊन होतं तसंच होतं. कुणाची तरी सायकल गेली. मला वाटलं होतं, मी त्यांना फसू देतेय. तेच मला सांभाळत होते. आठ वर्षांच्या मुलीला मोठी झाल्यावर काय खात राहील, हे त्यांना आधीच कळलं होतं, आणि त्यांनी माझ्या तोंडी दोन शब्द घालून ठेवले. व्याह्यांना सांगितले, नातीला सांगितले, जेवढ्यांना सांगता येईल तेवढ्यांना सांगितले. मी तिथंच बसून रडले. सून दारात येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. एकदा, फक्त एकदा, बाबांचा हात मिळाला असता तर मी त्यावर काय लिहिलं असतं, हे मला अजूनही सांगता येत नाही.

सत्काराचं सांगितलं तेव्हा काका आधी नाहीच म्हणाले. "माहा कायचा सत्कार? मी आलो न वापस." मग म्हणाले, "हवालदाराचं नाव घेतील काय? घेत असन तं येतो."

मी मुख्याध्यापिकांना फोन केला. त्या चांगल्या बाई, पण अडचणीत आल्या. यादी छापून झाली होती, सगळी नावं नागपूर जिल्ह्यातलीच होती, वेळ मोजका होता. "बघू या," म्हणाल्या. मी काकांना सांगितलं, घेतील. खोटं बोलले असं म्हणा हवं तर.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलीने गाडी आणली. काका सकाळपासून तयार होऊन बसले होते. कोटावर पदकं लावलेली, सुनेने मफलर इस्त्री केलेला. शाळेच्या मैदानावर मुलं ओळीने बसली होती. स्टेजवर पाच म्हातारे होते. त्यातल्या एकाला खुर्चीतून उठता येत नव्हतं. शाल, श्रीफळ, टाळ्या. निवेदन करणाऱ्या बाईंनी काकांचं नाव घेतलं, 'शूर जवान' म्हणाल्या. काका उभे राहिले, पण शाल घेण्यासाठी पुढं झाले नाहीत. ते खाली पहिल्या रांगेत माझ्याकडे बघत होते.

मी उठले. आयुष्यात कधी स्टेजवर चढले नव्हते. मी होते ती नेहमी तारेच्या मागे. निवेदिकेच्या कानात म्हटलं, एकच मिनिट द्या. आणि माईकपाशी जाऊन मी हवालदारांचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, आणि सांगितलं, की ते, काका आणि माझे बाबा असे तिघं एका खड्ड्यात होते. दोघं घरी आले. हवालदार आले नाहीत. त्या बांधावर पुढं जे झालं ते त्यांच्याच दुर्बिणीने झालं. मग बाबांचं नाव घेतलं. मैदानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत आवाज गेला असावा, कारण मागची मुलंही गप्प झाली. काकांनी सलाम केला. आधी शाळेचं बँडपथक उभं होतं त्या बाजूला, मग आपली चूक लक्षात येऊन झेंड्याकडे वळून. आणि मग शाल घेतली.

कार्यक्रम संपल्यावर एक तरुण शिक्षिका माझ्याकडे आली. तिचं माहेर हवालदारांच्याच तालुक्यातलं होतं. "मी विचारते गावाकडे," म्हणाली. मी फार आशा धरली नव्हती. पण महिन्याभरात फोन आला. हवालदारांचा पुतण्या बोलत होता. तो शेती करतो, स्वतःच साठीच्या पुढं आहे. हवालदार गेले तेव्हा तो शाळेत होता. त्यांच्या घरी लढाईवरून एक ट्रंक आणि एक पत्र आलं होतं, एवढंच. ते कसे गेले, कुणी सोबत होतं का, काही माहीत नव्हतं. त्याने विचारलं, "ताई, त्यांना फार त्रास झाला का हो?"

मी म्हटलं, "ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडेच फोन देते." मी त्या दिवशी कन्हानलाच होते. काकांनी फोन कानाला लावला, आणि मला भीती वाटली, की यांचं बोलणं त्याला समजणार नाही. काका एकेक शब्द वेगळा काढून बोलले. "नाही. लगेच गेला. मी बाजूले होतो." मग बराच वेळ ऐकत राहिले. मधे मधे "हाव," "हाव," म्हणत राहिले. पलीकडचा माणूस काय बोलत होता ते मी विचारलं नाही.

आता मी महिन्यातून दोन-तीनदा कन्हानला जाते. काकांना बारीक अक्षर दिसत नाही, मी पेपर वाचून दाखवते. ते मधेच थांबवून बाबांचं काहीतरी सांगतात. कधी जुनंच, कधी नवं. बाबा थंडीत पायमोज्यांचे दोन जोड घालायचे. बाबांना लाल भोपळा आवडत नसे आणि फौजेच्या लंगरात जेवायला तोच असायचा. एक दिवस म्हणाले, केबल टाकता टाकता तो गात असे, सगळी पलटण वळखे त्याचा आवाज. मी विचारलं, काय गायचे? काकांनी खूप आठवून पाहिलं. त्यांना आठवलं नाही. म्हणाले, "चांगलं होतं वं पन."

हवालदारांचा पुतण्या आणि त्याची बायको पुढच्या महिन्यात येणार आहेत. रात्रीच्या गाडीने बसतील, सकाळी नागपूरला उतरतील, माझ्याकडे चहा घेऊन मग कन्हानला जातील. काकांनी सुनेला दोनदा विचारलंय, त्यांच्याकडचे लोक तिखट खातात की नाही. सून म्हणते, मले काय मालूम. मी म्हटलं, फोन करून विचारते. अजून केला नाही. आज करते.